खोका क्रमांक चार

सहा खोकी मिळाली चप्पल लाइनीतल्या सातपुत्यांकडून.
झाकणावर नऊ नंबरचा शिक्का, आत कातड्याचा वास,
उन्हात ठेवली तरी जाईना.
म्हटलं, राहू दे. नाकाचं काम झालं.

प्रत्येकाला भोक पाडलं वाटीच्या बुडाएवढं,
भोकाला जुन्या मोज्याची बाही शिवली,
म्हणजे हात आत जाईल
आणि डोळा बाहेर थांबेल.
डोळ्याला सगळं आधी कळतं,
मग तो बाकीच्यांना बोलूच देत नाही,
आमच्या थोरल्या दिरांसारखा.

एकात कातड्याचे तुकडे, गुळगुळीत आणि खरबरीत.
दोनमध्ये तालमीतली माती,
तेल-ताक पिऊन मऊ झालेली.
वस्ताद डबा भरून देताना म्हणाले,
"हात घालू द्या खुशाल, पाय तेवढा नको."
तीनमध्ये शिरोलीच्या फौंड्रीतली काळी वाळू,
रेवणच्या वडिलांनी जेवणाच्या डब्यातून आणलेली.
दाबली की मुठीचा ठसा धरून ठेवते.
पण धूळ उडते, पोरांच्या नाकात जाईल,
म्हणून पिशवीत घट्ट बांधून वर मोजा चढवला.
"आता पोरांस्नी कळंल का पण काय हाय ते?"
त्यांनी विचारलं, आणि आपलाच तळवा बघत हसले,
"आमास्नी तर गरम-गार बी कळंना झालंय."

पाचमध्ये गूळ. चाटणारच. चाटू देत,
फक्त आधी हात धुवायचे.
सहामध्ये रिठे, खोका हलवला की बोलतात.

चारमध्ये बर्फ.
इथं घोडं अडलं.

खोत मॅडमच्या तक्त्यात चार रकाने:
कृती, साहित्य, उद्दिष्ट, अपेक्षित उत्तर.
शेवटच्यात मी लिहून टाकलं होतं, बर्फ.
मग रात्री साडेनऊला तस्लीमच्या फ्रीजमधून
एक खडा आणला, ताटलीत ठेवला,
आणि घड्याळ समोर घेऊन
एकवीस वेळा हात घातला, एकवीस जण होऊन.

अनाबिया झाले, चटका बसल्यासारखा हात काढला.
भैरू झाले, खडा मुठीत धरला तो सोडेचना.
जुळ्या बहिणी झाले, दोघींना एकदमच घालायचा होता.
असं करत करत रेवण झाले,
शेवटचा. तो रांगेत नेहमी शेवटचाच,
सगळ्यांच्या चपला जोडीनं लावून येतो म्हणून.

ताटलीत पाणी होतं.

म्हणजे उद्या तो म्हणेल, पाणी.
वीस जण ओरडतील, बर्फ! येड्या, बर्फ हाय त्यो!
तो ओला हात चड्डीला पुसेल,
आणि पुढच्या वेळी
आधी शेजाऱ्याचं तोंड बघेल, मग बोलेल.

त्याला पहिला उभा करावा?
मग शेवटी दुसरं कोणी येईल,
रांग म्हटली की शेपूट आलंच.
खडे दोन ठेवावेत? चार?
मॅडमचा तक्ता जुळेल,
पण बर्फ खोटा पडेल.

बराच वेळ बसून राहिले.
ताटलीतलं पाणी कुंडीत ओतलं.
स्वयंपाकघरात गुळाला मुंग्या लागल्या होत्या,
त्यांना कुणी तक्ता दिला नव्हता.

मग असं ठरवलं:
खडा एकच. रेवण शेवटीच.
तो "पाणी" म्हणाला की गलका होऊ द्यायचा,
आणि गलक्यातच अनाबियाला हाक मारायची,
ये, परत घाल हात.
ती घालेल.
आणि मी गप्प बसायचं.
अकरा वर्षं शिकवते आहे,
एवढंच अजून जमलेलं नाही.

रकान्यात बर्फ खोडलं नाही.
त्याच्याखाली लिहिलं, पाणी.
त्याच्याखाली, जागा उरली होती म्हणून,
"गेला कुठं?"
मॅडम लाल शाईनं गोल करतील. करू देत.

उद्या नेण्याचं: रुमाल एकवीस, बादली, साबण.
मोज्याची एक शिवण उसवलीय, सकाळी बघायची.
बर्फ सगळ्यात शेवटी घ्यायचा,
तस्लीमला सांगून ठेवलंय,
निघता निघता हाक मारते.